देवडीवरचा पहारेकरी

पूर्वीचे वाडे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. बाहेरून एकच भलामोठा दरवाजा, त्यात वाकून शिरण्यापुरती दिंडी, आत गेलं की चौक आणि चौकाभोवती दहा-बारा बिऱ्हाडं. पोस्टाच्या लेखी पत्ता मात्र एकच, अमुक पेठ आणि अमुक घर नंबर. जोश्यांचं बिऱ्हाड कुठलं आणि शेखांचं कुठलं, हे वाड्यातल्या माणसांना ठाऊक असायचं, बाहेरच्या जगाला नसायचं. आज आपल्या घरातल्या भिंतीवर इंटरनेटची जी चपटी डबी लुकलुकत असते, जिला राउटर म्हणतात, ती म्हणजे अशा वाड्याची देवडी आहे. घरातला मोबाइल, संगणक, टीव्ही, दारावरचा कॅमेरा ही सगळी आतली बिऱ्हाडं. बाहेरच्या माणसाला देवडी ओलांडून यांच्यापैकी एकाच खोलीपर्यंत कसं आणायचं, हा आजचा विषय. तंत्रज्ञ लोक याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

कवितेच्या माणसाने या वायरींच्या भानगडीत का पडावं, असं कोणी विचारील. पण कॅमेरा आता गल्लीगल्लीत पोचला आहे. मुलं पुण्यात, बेंगळुरूत किंवा आखातात, आणि घरी एकटी आई. मुलाला वाटतं, आपण तिथून घराचं दार पाहावं. कोणाला शेतातल्या विहिरीवरची मोटार पाहायची असते, कोणाला बंद दुकानाचं शटर. कॅमेरा बसवणारा पोरगा येतो, पाच मिनिटांत काहीतरी खुडबुड करतो आणि "काका, आता जगातून कुठूनही दिसेल" असं सांगून पैसे घेऊन जातो. तो जे बोलतो ते अक्षरशः खरं असतं, आणि घोळ तिथेच आहे. जगातून कुठूनही दिसेल. पण कोणाला दिसेल, ते तो सांगत नाही.

मुळात ही देवडी लागलीच का, ते आधी पाहू. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. हे पत्ते म्हणजे आकडे, टिंबांनी तोडलेले चार गट. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत असे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होऊ शकतात. त्या काळी संगणक होते विद्यापीठांत आणि लष्करी प्रयोगशाळांत. तेव्हा ही रास कुबेराची वाटली असणार. आज जगाची लोकसंख्याच ८०० कोटींच्या वर आहे आणि एकेका माणसाच्या घरात पाच-सात यंत्रं आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच जाणत्यांच्या लक्षात आलं की पत्ते पुरणार नाहीत. १९९४ साली एक तोड सुचवण्यात आली. घराला बाहेरचा पत्ता एकच द्यायचा आणि आतल्या यंत्रांना खाजगी पत्ते वाटायचे. १९९६ साली या खाजगी वापरासाठी आकड्यांचे काही गट कायमचे राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारा गट त्यातलाच. म्हणून तुमच्या घरातल्या एखाद्या यंत्राचा पत्ता १९२.१६८.१.५० असेल आणि शेजाऱ्याच्या यंत्राचाही तोच असेल, तरी भांडण होत नाही. प्रत्येक वाड्यात 'जिन्याखालची खोली' असतेच की.

तरीही ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे शेवटचे गट वाटून संपले. तेव्हापासून जो तो आहे त्यातच भागवतो आहे. ही टंचाई लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा आडवी येणार आहे.

आता देवडीवरचा पहारेकरी काम कसं करतो? रेडिओवर चित्र काढून दाखवता येत नाही, तेव्हा डोळ्यांसमोर आणा. त्याच्यापुढे एक वही आहे. आतल्या खोलीतून कोणी बाहेर पत्र पाठवलं, की तो पाठवणाऱ्याच्या जागी वाड्याचा पत्ता घालतो, त्यापुढे एक नंबर टाकतो आणि वहीत लिहितो, 'या नंबराचं उत्तर आलं तर माडीवरच्या बिऱ्हाडात द्यायचं.' उत्तर आलं, की वही पाहून ते बरोबर पोचतं. आपण मोबाइलवर बातम्या वाचतो किंवा गाणं ऐकतो, तेव्हा सेकंदाला शेकडो वेळा हे चाललेलं असतं. पण बाहेरून आपण होऊन कोणी आलं, ज्याला आतून कोणीच बोलावलेलं नाही, तर? वहीत नोंद नाही. पहारेकऱ्याला कळतच नाही, याला कोणत्या खोलीत न्यावं. तो ते पत्र टाकून देतो. म्हणूनच कुवेतमधल्या मुलाने आपल्या घराचा पत्ता कितीही अचूक घातला तरी कॅमेरा दिसत नाही. कॅमेरा चालू आहे, इंटरनेट चालू आहे, सगळं ठीक आहे. फक्त वहीत नोंद नाही.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या वहीच्या पहिल्या पानावर आपण स्वतः केलेली कायमची नोंद. 'अमुक नंबरचं नाव घेऊन कोणी आला, तर न विचारता त्याला अमुक खोलीत सोडा.'

हा नंबर म्हणजे पोर्ट. लॅटिनमध्ये 'पोर्टा' म्हणजे दार आणि 'पोर्टुस' म्हणजे बंदर. गंमत अशी की मराठीतले 'दरवाजा' आणि 'बंदर' हे दोन्ही शब्द फारसीतून आले, आणि आपण त्यांना कधी परके मानलं नाही. तर प्रत्येक पत्त्याला अशी ६५ हजार ५३५ दारं असतात. काहींचा रिवाज ठरून गेला आहे. साध्या वेबपानांसाठी ८०, कुलूपबंद वेबपानांसाठी ४४३, कॅमेऱ्याच्या चालत्या चित्रासाठी बहुधा ५५४, दूरवरून विंडोजचा संगणक चालवायचा तर ३३८९. रिवाज म्हणजे कायदा नव्हे. बाहेर ८५५४ नंबर लावून आत ५५४ वर पाठवलं तरी चालतं.

प्रत्यक्षात करायचं काय? पहिली गोष्ट, कॅमेऱ्याची खोली पक्की करा. राउटर आतले पत्ते उसने देत असतो. वीज गेली आणि आली, की कालचा ५० नंबर आज टीव्हीला मिळालेला असू शकतो. मग पहारेकरी पाहुण्याला इमानदारीने टीव्हीच्या खोलीत नेऊन सोडतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. महिनाभर चाललेला कॅमेरा अचानक दिसेनासा झाला, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. यासाठी राउटरमध्ये पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच बारा अक्षर-आकड्यांची एक जन्मखूण मिळालेली असते. ती देऊन सांगायचं की या खुणेच्या यंत्राला नेहमी हाच पत्ता द्या.

दुसरी गोष्ट, देवडीत शिरणं. घरच्याच वाय-फायला जोडलेल्या संगणकावर ब्राउझर उघडून राउटरचा आतला पत्ता घालायचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि डबीच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. नाव आणि पासवर्डही बऱ्याचदा तिथेच असतो. तो पासवर्ड त्याच बैठकीत बदला. मग पोर्ट फॉरवर्डिंग नावाचं पान शोधा. काही कंपन्या त्याला व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात, काही नॅटच्या पानात लपवतात. तिथे चार रकाने भरायचे असतात: बाहेरचा नंबर, आतल्या यंत्राचा पत्ता, आतला नंबर आणि टपालाचा प्रकार. प्रकार दोन आहेत. टीसीपी म्हणजे पोचपावती घेणारं पत्र, हरवलं तर पुन्हा पाठवलं जातं. यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड, पेटीत टाकलं आणि विसरलं. यंत्राच्या पुस्तिकेत जो सांगितला असेल तो निवडा. त्याच पानाच्या आसपास डीएमझेड नावाची एक सोय दिसेल. ती म्हणजे साऱ्या दारांची सारी वर्दळ एकाच खोलीत सोडणं. 'काहीच जमेना तेव्हा हे चालू केलं आणि झालं' असं कोणी सांगितलं, तर त्याला चहा पाजा आणि ती सोय बंद करा.

तिसरी गोष्ट, तपासणी. घरात बसून, घरच्याच वाय-फायवरून बाहेरचा पत्ता घालून पाहणारे पुष्कळ असतात. आपल्याच घरातून निघून आपलंच दार बाहेरून ठोठवायचं, हा उलटा वळसा काही राउटरांना जमतो, काहींना जमत नाही. तेव्हा मोबाइलचं वाय-फाय बंद करा, सिमचं इंटरनेट चालू करा आणि मग पाहा. परदेशातल्या मुलाला जे दिसणार आहे त्याची खरी परीक्षा अशीच होते.

इथे अडतं कुठे? एक तर घराचा बाहेरचा पत्ताही बदलतो. कंपनी तो रोज नाही तरी मधूनमधून बदलून देते. त्यावर उपाय दोन. जादा पैसे भरून कायमचा पत्ता घ्यायचा, नाहीतर डायनॅमिक डीएनएस नावाची सोय वापरायची. तीत राउटर स्वतःच एका ठरलेल्या ठिकाणी कळवत राहतो की माझा आजचा पत्ता हा आहे, आणि मुलाने आकड्यांऐवजी एक नाव लक्षात ठेवलं की भागतं.

दुसरी अडचण जास्त जिवाला लागते, कारण तिच्यात आपली चूक काहीच नसते. सगळे रकाने बरोबर भरले, पत्ता पक्का केला, तरी बाहेरून काहीच दिसत नाही. माणसं रात्र रात्र जागतात. अशा वेळी राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून काय लिहिलं आहे ते पाहा. मग 'माझा पत्ता काय' हे सांगणारं एखादं संकेतस्थळ उघडून तिथला आकडा पाहा. दोन्ही एकच असतील तर ठीक. वेगळे असतील, तर तुमच्या देवडीबाहेर आणखी एक देवडी आहे. कधी ती घरातच असते, म्हणजे कंपनीची फायबरची डबी आणि तिला जोडलेला तुमचा राउटर, दोघेही पहारा देत असतात. मग एकाला नुसता दरवाजा बनवून पहारा दुसऱ्याकडे द्यायला सांगावं लागतं. पण स्थितीच्या पानावरचा तो पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर बाहेरची देवडी कंपनीची आहे. मघाशी टंचाई म्हटलं ती हीच. पत्ते पुरेनात म्हणून कंपन्यांनी शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायला सुरुवात केली, आणि या मधल्या कारभारासाठी २०१२ साली हा गट राखून ठेवला गेला. म्हणजे तुमचा वाडाच आता एका मोठ्या वाड्यातली खोली झाला. त्या मोठ्या देवडीच्या वहीत लिहायचा अधिकार तुम्हाला नाही. तुम्ही आपल्या पहारेकऱ्याला कितीही पढवा, पाहुणा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागायचा किंवा दुसरी वाट धरायची. राउटर खराब आहे म्हणून नवा विकणाऱ्याचं मात्र ऐकू नका.

चिपळूणकडच्या एका घरात मी हे सगळं जवळून पाहिलं. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर त्या घरातल्या आखातातल्या मुलाने हट्ट धरला, कॅमेरा असा लावायचा की गल्लीतलं पाणी मला तिथून दिसलं पाहिजे. रास्तच होतं. (एक गोष्ट कॅमेरा विकणारा सांगत नाही. पूर आला की वीज आधी जाते. राउटर, फायबरची डबी आणि कॅमेरा, तिन्हींना बॅटरीचा आधार नसेल, तर ज्या रात्री पाहायचं त्याच रात्री अंधार. आणि कंपनीचीच तार तुटली तर बॅटरीही काय करणार.) कॅमेरा लागला, चित्र दिसू लागलं. त्या घरच्या आपा मला म्हणाल्या, "भाई, पोराने मला बघावं, माझी ना नाही. पण पोरगाच बघतोय, हे मला कसं कळायचं?"

इतका नेमका प्रश्न मी कुठल्या इंजिनियरच्या तोंडूनही ऐकलेला नाही. कारण वहीच्या पहिल्या पानावरची ती नोंद माणूस ओळखत नाही. ती फक्त नंबर ओळखते. नंबर सांगणारा मुलगा असो की चोर, पहारेकरी दोघांनाही कॅमेऱ्याच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. पुढे उरतो तो कॅमेऱ्याचा स्वतःचा पासवर्ड, आणि तो अनेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच असतो.

कोणाला माझं दार सापडणार आहे, असं वाटतं ना? २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाची एक आज्ञावली तयार केली. एकच संगणक आणि वेगवान जोडणी घेऊन ती जुन्या पद्धतीच्या साऱ्या इंटरनेटवरचं एखादं ठराविक दार पाऊण तासाच्या आत ठोठावून येते. साऱ्या म्हणजे खरोखर साऱ्या पत्त्यांवरचं. शोदान नावाचं एक शोधयंत्र २००९ पासून आहे. ते लेख आणि गाणी शोधत नाही. जगात कुठे कुठे कोणती यंत्रं दार उघडं टाकून बसली आहेत, त्याची सूची ठेवतं. तेव्हा ५५४ ऐवजी ८५५४ लावला म्हणजे दार लपलं असं समजू नका. गर्दी थोडी कमी होते, एवढंच.

२०१६ साली मिराई नावाच्या एका घातकी आज्ञावलीने काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. घराघरांतले कॅमेरे आणि राउटर शोधायचे, टेलनेट नावाच्या जुन्या दाराने आत शिरायचं आणि कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून पाहायच्या. बस, एवढंच. कुलूप फोडलं नाही, किल्ली दारालाच टांगलेली होती. अशी लाखो यंत्रं तिने ताब्यात घेतली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन नावाच्या अमेरिकन कंपनीवर अशा यंत्रांकरवी एवढ्या खोट्या मागण्यांचा मारा झाला, की ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं अनेकांसाठी काही तास बंद पडली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. पुढे २०२० च्या टाळेबंदीत लोक घरून काम करू लागले, कचेरीतला संगणक घरून चालवण्यासाठी ३३८९ नंबरचं दार अनेकांनी उघडं ठेवलं, आणि खंडणीखोर टोळ्यांनी पासवर्डांचा भडिमार करत त्याच दाराने आत शिरून फायलींना कुलपं लावली.

मग करावं काय? तीन वाटा आहेत. पहिली वाट आज बहुतेक घरांत आपोआप चालू असते. कॅमेरा स्वतःच बाहेर कंपनीच्या संगणकाशी बोलणं सुरू करतो, मुलाचा मोबाइलही तिथेच जातो, आणि दोघांची गाठ घालून दिली जाते. बोलणं आतून सुरू झाल्यामुळे पहारेकऱ्याच्या वहीत नोंद असते, पोर्ट उघडावा लागत नाही, कंपनीची मोठी देवडीही आडवी येत नाही. सोय आहे, पण आपाच्या घराचं चित्र आणि मुलगा यांच्यामध्ये एक तिसरा बसला. तो किती भरवशाचा, ते ज्याने त्याने ठरवावं. दुसरी वाट सरळ पोर्ट उघडण्याची. ती धरायचीच असेल तर कॅमेऱ्याचा पासवर्ड लांब आणि वेगळा ठेवा, त्याची आज्ञावली कंपनी सुधारून देईल तेव्हा बदला, आणि राउटर परवानगी देत असेल तर ठराविक पत्त्यावरूनच येऊ द्या.

तिसरी वाट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. कॅमेऱ्याचं दार उघडायचंच नाही. उघडायचं फक्त व्हीपीएनचं. व्हीपीएन म्हणजे मुलाच्या मोबाइलपासून घराच्या चौकापर्यंतचा झाकलेला बोगदा. मुलगा एकदा आत आला की तो घरच्याच वाय-फायवर बसल्यासारखा असतो. मग कॅमेरा, संगणक, प्रिंटर सगळं त्याला आतल्या पत्त्यांनी मिळतं. वायरगार्ड नावाची एक व्हीपीएन आहे, २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच आली आहे. बहुधा ५१८२० हा यूडीपी नंबर ती वापरते. तिचा स्वभाव मला आवडतो. ज्याच्याकडे खरी किल्ली नाही अशाने दार वाजवलं, तर आतला माणूस खाकरतसुद्धा नाही. तिथे कोणी आहे की नाही, हेच बाहेरच्याला कळत नाही. बरेच नवे राउटर हे काम स्वतःच करू शकतात. कंपनीची मोठी देवडी मध्ये असेल, तर मात्र ही वाटही सरळ चालत नाही. मग दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन मधल्या ठिकाणी भेटणारी व्हीपीएन घ्यावी लागते. तीतलं बोलणं दोन टोकांच्या किल्ल्यांनी बंद केलेलं असलं, तर मधल्याला ते वाचता येत नाही.

पत्त्यांची नवी पद्धत आयपीव्ही६ नव्वदच्या दशकातच आखली गेली. तिच्यात पत्ते इतके आहेत की घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो. भारत तिच्या वापरात जगात पुढच्या रांगेत आहे, आणि तुमच्या मोबाइलला असा पत्ता आज मिळालेलाही असेल. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगची गरज राहत नाही, पण पहारेकऱ्याची राहते. बाहेरून येणाऱ्याला अडवायचं हा नियम तिथेही असतो, आणि कॅमेऱ्यासाठी परवानगी तिथेही हाताने लिहावी लागते.

राउटरमध्ये शिरलाच आहात तर आणखी दोन पानं पाहून घ्या. एक यूपीएनपीचं. ही सोय चालू असली, की घरातलं कोणतंही यंत्र मालकाला न विचारता पहारेकऱ्याकडून स्वतःसाठी दार उघडून घेऊ शकतं. मुलांचे काही खेळ त्यावर चालतात; तेवढ्यासाठी ती ठेवायची की बंद करायची ते घरात बसून ठरवा. दुसरं पान जुन्या नोंदींचं. कॅमेरा बदलला, दुकान विकलं, संगणक मोडीत गेला, पण वहीच्या पहिल्या पानावरची ओळ तशीच राहते. ५० नंबरची ती खोली पुढे नातीच्या लॅपटॉपला मिळते, आणि बाहेरचं दार तिच्या लॅपटॉपवर उघडतं. ती ओळ खोडायला एक मिनिट लागतं. आपांच्या घरी अशा तीन ओळी निघाल्या. एक आधीच्या कॅमेऱ्याची होती, एक भाडेकरू सोडून गेला त्याच्या संगणकाची, आणि तिसरी कशाची होती ते घरात कोणालाच सांगता आलं नाही.